तीन तास, मुंबईचं म्युझियम आणि सत्तरीचे आई-बाबा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापूरहून सिद्धेश्वरने सकाळी मुंबईत उतरणार, रात्री त्याच गाडीने परत. सोबत सत्तरीचे आई-बाबा आणि दहा वर्षांची मुलगी. दिवसात इतर कामं आहेत, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासाठी जेमतेम तीन तास मिळतील. काय बघावं, गाईड लागतो का, आणि मुलगी कंटाळणार तर नाही ना?

मी वीसेक वर्षं लोकांना म्युझियमं दाखवते. सुरुवातीला मी मोठी मेहनती होते. एकही दालन सुटता कामा नये म्हणून मंडळींना अक्षरशः पळवायचे. अशाच एका फेरीच्या शेवटी मी विचारलं, "काही शंका?" मागच्या रांगेतल्या काकूंनी विचारलं, "चहा कुठे मिळेल?" त्या दिवसापासून मी सगळं दाखवायचं सोडून दिलं. तुम्हीही तसंच करा. तीन तासांतला अर्धा तास बसण्यात, पाणी पिण्यात आणि जिने चढण्यात जाईल असं धरा. उरलेल्या वेळात पाच-सहा ठिकाणी नीट उभं राहता आलं तरी पुष्कळ झालं.

प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारा: ही वस्तू मुंबईत कशी आली? वय, शैली, घराणं हे सगळं लेबलवर असतं आणि घरी पोहोचेपर्यंत विसरायला होतं. वस्तू कशी आली ही मात्र गोष्ट असते, ती लक्षात राहते. या म्युझियमपुरती तिची उत्तरं मुख्यतः तीन. एक, जुना मुंबई इलाखा, ज्यात एकीकडे सिंध होता आणि दुसरीकडे विजापूर-धारवाड. दोन, बंदर. तीन, काही श्रीमंत माणसांचे छंद. ही तीन उत्तरं खिशात असली की अर्धं म्युझियम गाईडशिवाय उलगडतं.

सुरुवात इमारतीपासून करा, आणि बाहेरून. फाटकातून आत आल्यावर तिकीटखिडकीकडे धावू नका, बागेत थांबा. १९०५ सालच्या नोव्हेंबरात प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा पाचवा जॉर्ज, याच्या हस्ते पायाभरणी झाली, म्हणून नाव पडलं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. आराखडा जॉर्ज विटेटचा, ज्याने नंतर गेटवे ऑफ इंडिया उभारला. इमारत १९१४ मध्ये तयार झाली आणि तेवढ्यात महायुद्ध सुरू झालं, त्यामुळे मूर्तींच्या आधी तिथे जखमी सैनिकांच्या खाटा लागल्या. लोकांसाठी दारं उघडली १० जानेवारी १९२२ रोजी. आजचं नाव १९९८ पासूनचं. जुने मुंबईकर अजूनही सवयीने "प्रिन्स ऑफ वेल्स" म्हणतात आणि टॅक्सीवाला नुसत्या "म्युझियम"वर बरोबर नेऊन सोडतो.

भिंतींचा दगड बघा. करडा-निळसर दगड कुर्ल्याचा, पिवळसर मालाडचा. दोन्ही मुंबईच्याच पोटातले, दोन्ही ज्वालामुखीतून आलेले. आज कुर्ला आणि मालाड ही लोकलची स्टेशनं म्हणून माहीत असतात. तिथे कधी दगडाच्या खाणी होत्या हे मुलीला सांगितलंत तर ती पुढच्या प्रवासात खिडकीतून वेगळ्या नजरेने बघेल.

आत शिरल्यावर घुमटाखाली उभे राहा आणि मान वर करा. तुम्ही सोलापूरचे, म्हणजे विजापूरचा गोलघुमट एकदा तरी झालाच असणार. तिथे घुमटाखाली कमानी एकमेकींना छेदत जातात आणि चौकोनी खोलीवर गोल छत अलगद बसतं. विटेटने तीच युक्ती इथे वापरली. १६५६ साली वारलेल्या महंमद आदिलशहाची कबर ज्या घुमटाखाली आहे, तिची रचना एका इंग्रजाने युवराजाच्या नावाच्या इमारतीत आणून बसवली. बाबांना हे सांगा, ते विजापूरच्या सहलीच्या आठवणी काढतील आणि तुमचं काम तिथेच निम्मं होईल. याच सभागृहात लाकडी कोरीव खांब आणि कमानी दिसतील. त्या नाशिकच्या एका वाड्यातून विकत आणलेल्या आहेत. आईंना वाड्याचा चौक, तुळई, खांबाची बैठक हे शब्द तोंडपाठ असतील. इथे तुम्ही गप्प बसा, त्यांना मुलीला सांगू द्या.

आता तळमजल्यावरचं शिल्पांचं दालन. ते मी सगळ्यात जास्त वेळ धरते, कारण तुमचे पाय अजून ताजे असतात आणि जिने चढायचे नसतात.

इथे दोन गोष्टी बघा. पहिली, ऐहोळेच्या देवळातलं ब्रह्मदेवाचं शिल्प. हुच्चप्पय्या गुडी नावाच्या देवळाच्या छतातली ही शिळा आहे, साधारण सातव्या शतकातली, बदामीच्या चालुक्यांच्या काळची. ऐहोळे आज कर्नाटकात आहे, पण तेव्हा तो भाग मुंबई इलाख्यात होता. उत्तर क्रमांक एक. गंमत अशी की आपण ही शिळा समोर उभी बघतो. मूळ जागी ती डोक्यावर होती. देवळात जाणारा माणूस मान मागे टाकून, अंधारात, दिव्याच्या उजेडात ती बघायचा. शिल्पकाराने आकृत्या त्या हिशोबाने कोरल्या होत्या. मी लोकांना सांगते की दोन पावलं पुढे जा, किंचित खाली वाका आणि खालून वर बघा. कोणी बघत असेल तर बघू दे. ब्रह्मदेवाच्या भोवतीचे ऋषी एकदम छतावर तरंगायला लागतात.

दुसरी गोष्ट मीरपूरखासची. हे सिंधमधलं गाव, आता पाकिस्तानात. तिथल्या बौद्ध स्तूपाचं उत्खनन विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेन्री कझन्स यांनी केलं आणि सापडलेल्या मृण्मूर्ती मुंबईत आल्या, कारण सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग होता. फाळणीने नकाशा बदलला, मूर्ती इथेच राहिल्या. बसलेल्या बुद्धाच्या मूर्ती तर आहेतच, पण मी थांबते ती हातात कमळ धरलेल्या एका पुरुषासमोर. कोणी देव नाही, बहुधा दान देणारा भक्त असावा. साधारण पाचव्या शतकातला. त्याच्या अंगावर जुन्या रंगाचे अवशेष आहेत, नीट बघितलंत तर दिसतात. आपल्याला सगळ्या प्राचीन मूर्ती दगडी-मातकट बघायची सवय लागली आहे. त्या काळी त्या रंगवलेल्या होत्या, देवळं-स्तूप आजच्या जत्रेइतकेच झगझगीत होते. आणि मातीच का? सिंधच्या सपाट गाळाच्या जमिनीत चांगला दगड मिळत नाही. नदीने जे दिलं, त्यातून कारागिरांनी काम केलं. मुलीने मातीचा किल्ला केला असेलच. अंगठ्याने दाबल्यावर माती कशी वळते हे तिला माहीत आहे, दगड तसा वळत नाही. भक्ताच्या केसांच्या कुरळ्या बटा आणि वस्त्राच्या चुण्या बघून तिला विचारा, हे छिन्नीने झालं असेल की बोटांनी.

बाहुबलीची कांस्यमूर्ती चुकवू नका. जेमतेम हातभर उंच, त्यामुळे लोक तिच्यासमोरून सरळ निघून जातात. श्रवणबेळगोळची ही मूर्ती, साधारण नवव्या शतकातली मानतात. म्हणजे टेकडीवरचा तो प्रचंड गोमटेश्वर, जो दहाव्या शतकाच्या अखेरीस उभा राहिला, त्याच्याही आधीची. बाहुबली इतका काळ निश्चल उभा राहिला की पायांवर वेली चढल्या. शिल्पकाराने त्या वेली पायांपासून वर दंडांपर्यंत नेल्या आहेत. मूर्तीच्या बाजूला सरकून त्या कुठून कुठे जातात ते बोटाने हवेत आखा. काचेला हात लावू नका, राखणदार बिचारे दिवसभर तेवढंच सांगत असतात. मला विचाराल तर या अख्ख्या म्युझियममधली ही सर्वांत सुंदर वस्तू. तज्ज्ञ मंडळी वाद घालतील, घालू देत.

मग बंदराची गोष्ट. निमरूद या आजच्या इराकमधल्या शहरात दुसरा अशुरनासिरपाल नावाचा अश्शूरी राजा होता, इ.स.पू. नवव्या शतकात. त्याच्या राजवाड्याच्या भिंतींवर कोरीव शिळा होत्या. १८४०च्या दशकात ऑस्टिन हेन्री लेयार्ड या इंग्रजाने ते खणून काढलं. सुएझ कालवा १८६९ साली सुरू झाला, त्याआधी इराकमधला माल लंडनला न्यायचा तर तैग्रिस नदीतून बसऱ्याला, तिथून जहाजाने मुंबईला आणि मुंबईहून आफ्रिकेला वळसा घालून विलायतेला. मुंबई हा वाटेतला थांबा, आणि त्या वाटेवरच्या काही शिळा इथेच राहिल्या. कोळी, भाटिये आणि पारशी ज्या धक्क्यावर वावरत होते, तिथे पावणेतीन हजार वर्षांपूर्वीच्या अश्शूरी राजवाड्याच्या भिंती उतरत होत्या, हे डोळ्यांसमोर आणून बघा. २०१५ मध्ये निमरूदच्या त्या राजवाड्याचे उरलेले अवशेष दहशतवाद्यांनी सुरुंग लावून उडवले. हे सांगितल्यावर गटात नेहमी शांतता होते, मग कोणीतरी विचारतं की मग इथून ते परत द्यायचे का. चांगला प्रश्न आहे. चहावर वाद घालायला ठेवा. शिळेवरच्या पोटऱ्यांचे स्नायू आणि दाढीच्या वळ्या तेवढ्या बघा. अश्शूरी कारागिरांना माणसाचा चेहरा एकसाचीच हवा होता, पण पोटरीवर त्यांनी जीव ओतला आहे.

इथवर दीड तास गेला असेल. आई-बाबांना बसवा. बाकं आहेत, लाजू नका.

आता वर जायचं. लिफ्ट आणि चाकाच्या खुर्चीबद्दल आत शिरतानाच विचारून ठेवा, वर गेल्यावर विचारण्यात अर्थ नाही. दालनांची मांडणी अधूनमधून बदलते, म्हणून काय कुठे आहे तेही तिकिटाच्या वेळीच विचारलेलं बरं.

लघुचित्रांच्या दालनात शिरल्यावर पहिली तक्रार ठरलेली: "काय अंधार आहे!" तो मुद्दाम आहे. कागदावरचे रंग उजेडाने फिकट होतात आणि एकदा गेलेला रंग परत येत नाही, म्हणून कागद आणि कापडासाठी साधारण ५० लक्स इतकाच प्रकाश ठेवायची जगभर रीत आहे. तुमच्या दिवाणखान्यात रात्री त्याहून कितीतरी जास्त असतो. आत जाऊन दोन-तीन मिनिटं काही बघूच नका, डोळे सरावू द्या. मग एकाच चित्रासमोर पाच मिनिटं द्या. खिशात साधं भिंग असेल तर उत्तम, मी कायम बाळगते. भिंगातून सोन्याची रेघ, पापणीचा केस, कणसातला एकेक दाणा दिसतो. मोबाइलचा टॉर्च मात्र चुकूनही लावू नका. ज्या उजेडापासून ती चित्रं जपली, तोच तुम्ही त्यांच्या तोंडावर मारता.

आणि इथे नाना फडणवीसांची गोष्ट सांगा. म्युझियम अजून उघडायचं होतं तेव्हाच, १९१५ मध्ये, शेठ पुरुषोत्तम मावजी यांचा संग्रह विकत घेतला गेला. त्यातला मोठा भाग मुळात नाना फडणवीसांच्या ताब्यातला. पेशवाईचा साडेतीन शहाण्यांपैकी एक, हिशोबात आणि राजकारणात मुरलेला. त्याला चित्रं जमवायचा षोक होता हे ऐकून बहुतेकांच्या भुवया वर जातात. शाळेच्या इतिहासात नाना सापडतात ते फक्त कारस्थानात.

एक छोटी युक्ती, जी मला एका जुन्याजाणत्या सहकाऱ्याने शिकवली. लेबलवर नोंदणी क्रमांक असेल तर त्याच्या पहिल्या दोन आकड्यांकडे बघा. बऱ्याच वस्तूंच्या बाबतीत ते वस्तू आली ते साल सांगतात. "१५" म्हणजे मावजी संग्रह. "२२" म्हणजे बहुधा सर रतन टाटा. "३३" म्हणजे सर दोराबजी टाटा किंवा अकबर हैदरी यांच्या संग्रहांच्या वेळचं. सगळ्याच क्रमांकांना हे लागू पडत नाही, फार जुन्या नोंदींना तर नाहीच. पण मुलीला हा खेळ द्या, ती अख्खं दालन पळत शोधेल आणि तुम्हाला निवांत चित्रं बघता येतील.

रतन टाटांचं नाव आलंच आहे तर सांगते. हे आपल्याला माहीत असलेले रतन टाटा नव्हेत. हे जमशेटजींचे धाकटे चिरंजीव, १९१८ मध्ये वारले. इंग्लंडमध्ये ट्विकनहॅमला यॉर्क हाउस नावाचा त्यांचा बंगला होता. तिथे जमवलेल्या वस्तूंचा मोठा भाग या म्युझियमला मिळाला. युरोपीय तैलचित्रं, चिनी-जपानी वस्तू, तपकिरीच्या चिमुकल्या चिनी बाटल्या हे सगळं टाटा बंधूंचं. याच रतन टाटांनी पाटलीपुत्राच्या उत्खननाला पैसे दिले होते. तैलचित्रांपाशी फार रेंगाळू नका असं मी म्हणेन. वाईट नाहीत, पण तीन तासांत तिथे वेळ घालवायला तुम्ही सोलापूरहून आलेला नाहीत. तपकिरीच्या बाटल्या मात्र बघा, मुलांना आवडतात.

शस्त्रदालनात अकबराचं पोलादी चिलखत आणि ढाल आहे. गर्दी तिथे कायम. अकबर केवढा असेल असा प्रश्न मुलं विचारतात, तेव्हा त्यांना चिलखताच्या मापावरून स्वतःच अंदाज करू द्या. पाच मिनिटं, पुरे.

मुलीसाठी हुकमी जागा म्हणजे नैसर्गिक इतिहासाचं दालन. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहातून ते उभं राहिलं. सोसायटीची कचेरी आजही शेजारीच, हॉर्नबिल हाउसमध्ये. पेंढा भरलेले प्राणी-पक्षी त्यांच्या झाडीत, त्यांच्या पाणथळीत उभे केलेले देखावे आहेत. कलेचे जाणकार या दालनाकडे नाक मुरडतात. मला ते आवडतं. शिवाय आवारात मुलांसाठी वेगळं संग्रहालय २०१९ मध्ये सुरू झालं आहे. तिथे काय चाललंय ते तिकिटाच्या वेळी विचारा, काहीतरी करायला मिळालं तर मुलगी तिथेच रमेल.

गाईड घ्यावा का? माझ्या पोटावर पाय आणून सांगते, तीन तासांसाठी आणि चार माणसांसाठी गरज नाही. ऑडिओ गाईड मराठीतही मिळतो, तो आई-बाबांना द्या. आवाज त्यांच्या गतीने चालतो, थांबवता येतो, आणि तो माझ्यासारखा मधेच विनोद करत नाही. मोठा गट असेल किंवा परत याल तेव्हा एखाद्या विषयावरची फेरी घ्या.

वेळेचं. म्युझियम सकाळी सव्वादहाला उघडतं, संध्याकाळी सहाला बंद होतं. सोमवारी बंद असेल या समजुतीने लोक उगाच बेत बदलतात. इथे साप्ताहिक सुट्टी नसते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे दिवस मात्र टाळा. सकाळी अकराच्या सुमारास शाळांच्या सहली येतात आणि घुमटाखाली त्या आवाजाचा जो प्रतिध्वनी होतो, त्यापेक्षा विजापूर बरं. शक्य असेल तर उघडताक्षणी आत शिरा, नाहीतर जेवून दीडनंतर. काळा घोडा महोत्सवाच्या दिवसांत हा सगळा परिसर माणसांनी फुललेला असतो, त्या आठवड्यात ज्येष्ठांना आणू नका. सगळी दालनं वातानुकूलित नाहीत, मे महिन्यात घाम निघतो. मोठ्या पिशव्या आत नेता येत नाहीत, तेव्हा प्रवासाची बॅग सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये ठेवून या. स्टेशनवरून टॅक्सी करा. अंतर चालण्यासारखं आहे, पण आई-बाबांचे पाय मूर्तींसाठी राखून ठेवा.

बाहेर पडल्यावर समोर चौकात काळा घोडा दिसेल. मूळ पुतळ्यावर सातवा एडवर्ड बसलेला होता, तो १९६५ मध्ये भायखळ्याला राणीच्या बागेत हलवला. २०१७ मध्ये नवा घोडा आला, त्याच्यावर स्वार नाही. मुलगी विचारेलच की माणूस कुठे गेला.

राणीच्या बागेतच भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, आणि त्याच्या बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती. पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं ते याच हत्तीवरून. १८६४ मध्ये तो विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना क्रेनची साखळी तुटली आणि त्याचे तुकडे झाले. नंतर ते जोडून त्याला उभं केलं. म्हणून तो मुंबईतच राहिला. त्याच दिवशी तिकडेही जाऊन यायचा मोह होईल. नको. भायखळ्याची संध्याकाळची गर्दी, दमलेले आई-बाबा, आणि सिद्धेश्वर कोणासाठी थांबत नाही. हत्ती पुढच्या खेपेला बघा, तो आता कुठे जात नाही.